टप कोणाचा?

जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली की दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येतं ते आठवा. गाडी अमुक महाराजांची, चासी रोल्स-रॉइसची, बॉडी लंडनच्या तमक्या कंपनीची. संपलं. ज्यानं पत्रा ठोकला त्याचं नाव नाही, ज्यानं रंधा मारला त्याचं नाही, ज्यानं कातडं शिवलं त्याचं तर नाहीच नाही. आपली पोरं म्हणतात, हा राजेरजवाड्यांचा खेळ, आपल्याला काय त्याचं? मी म्हणतो, खेळ त्यांचा असू द्या, पण एक हत्यार त्यांच्याकडून उचलण्यासारखं आहे. गाडीची बॉडी कुणी केली हे कागद नसतानाही शोधून काढायची एक रीत त्या शौकीन मंडळींनी बसवलीय. कागद नसताना इतिहास काढणं ही गरज आपल्यापेक्षा जास्त कुणाची आहे सांगा!

आधी ही भानगड काय ते समजून घेऊ. आज आपण गाडी घेतो ती आख्खी घेतो. तेव्हा तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस कंपनी नुसती चासी विकायची. म्हणजे इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचं ते देवळाच्या दर्शनी भागासारखं रेडिएटर. बसायची जागा, दारं, छप्पर हे सगळं गिऱ्हाइकानं दुसऱ्याकडून करून घ्यायचं. बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली ही लंडनची अशी घराणी. ती मुळात घोड्याच्या बग्ग्या करणारी. घोडा गेला, इंजिन आलं, कारागीर तेच राहिले. आपल्याकडे मद्रासची सिम्प्सन कंपनी १८४० सालची, तीही बग्ग्यांतूनच मोटारीत शिरली.

आता शोध कसा घेतात? पहिल्यांदा दाराच्या उंबऱ्यावर बघतात. तिथं बॉडीवाल्याची पितळी पट्टी असते. पण पट्टीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण पट्टी कुणीही उपटून दुसरीकडे ठोकू शकतो. (जातीच्या दाखल्याचं पण असंच आहे, पण तो विषय वेगळा.) मग कुशन उचकटतात, फळ्या सोडवतात, आणि आतल्या लाकडावर ठोकलेला नंबर शोधतात. तो लपलेला असतो म्हणून खरा असतो. मग लाकूड कुठलं ते बघतात. विलायतेतल्या गाडीचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा, इकडे केलेली असेल तर बहुधा सागवान. कुशनात घोड्याचे केस निघाले की एक गोष्ट, काथ्या निघाला की दुसरी. रंग पालिश पेपरनं थरथरानं घासत जातात, म्हणजे कुठल्या थराखाली कुठला मालक होता ते कळतं. सांधा कसा केलाय, खिळा आहे का स्क्रू आहे, शिलाई मशिनची का हाताची, हे सगळं बघतात. मालकानं सांगितलेल्या गोष्टीवर नाही, वस्तूच्या पोटावर विश्वास ठेवतात.

तर मी ही रीत घेऊन आकुर्डीत आलो. म्हणजे मी आकुर्डीतलाच. आयटीआयला शीट मेटल केलं आणि सगळी हयात पत्र्यात गेली, डेंटिंगच्या गाळ्यांत आणि बॉडी बांधणाऱ्यांच्या शेडांत. आमच्याकडे महाराजाची मोटार कुठून येणार? आमच्याकडे होतं डुक्कर.

नव्या पोरांना डुक्कर माहीत नसेल. लांब नाकाडाची तीनचाकी गाडी. पुढं एकच चाक, इंजिन त्या चाकाच्या डोक्यावर, आणि साखळीनं तेच चाक फिरायचं. मागं सहा माणसं बसायचा परवाना, आणि बसायची बारा. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोघं लोंबकळायची ती वेगळीच. फटफट आवाज, काळा धूर. २५ डिसेंबरला आमची आई आम्हा भावंडांना घेऊन देहूरोडला जायची. बाबासाहेबांनी १९५४ सालच्या २५ डिसेंबरला तिथं स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली, ते ठिकाण. आकुर्डीच्या पुढचंच स्टेशन, पण रेल्वेपेक्षा डुक्कर सोयीचं, कारण ते हात केला की थांबायचं.

ह्या डुकराचं खरं नाव हॅन्सिएट. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गला विडाल अँड सोन नावाचा कारखाना होता, त्यांच्या गाड्यांचं नाव टेम्पो. हो, आपण आज कुठल्याही मालगाडीला टेम्पो म्हणतो तो शब्द तिथला. हॅम्बुर्ग हे जुन्या हान्झा व्यापारी शहरांपैकी एक, म्हणून गाडी हॅन्सिएट. लढाईनंतरच्या पडझडीत जर्मन किराणावाल्यांना आणि कोळसेवाल्यांना परवडावी म्हणून १९४९ला काढलेली ही गरीब गाडी. जर्मनीत ती पाच-सात वर्षं निघाली आणि बंद झाली. इकडे १९५८ला बजाज टेम्पो कंपनी निघाली, आधी गोरेगावला, मग १९६४ला आकुर्डीला. हॅम्बुर्गनं टाकून दिलेली गाडी आकुर्डीनं पुढं किती वर्षं काढली! कंपनीचं नाव २००५ला फोर्स मोटर्स झालं, तोवर डुकरं रस्त्यावरनं हटत चालली होती.

पण जर्मनीत ही मालाची गाडी. माणसं भरायचा डबा इकडे बसवला. पुढचं थोबाड कारखान्याचं, मागचा डबा बॉडीवाल्याचा. म्हणजे रोल्स-रॉइसचाच कायदा, फक्त महाराजाच्या जागी परवानाधारक आणि लंडनच्या जागी रस्त्याकडेची शेड. आणि उंबऱ्यावर पितळी पट्टी नाही.

असलं एक डुक्कर मला चिखलीच्या कुदळवाडीत सापडलं. कुदळवाडी म्हणजे भंगाराचा समुद्र होता. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं बुलडोझर लावून त्या शेडा पाडल्या. ही गोष्ट त्याच्या आधीची. डुकराचं इंजिन कुणी काढून नेलं होतं, चाकं नव्हती, पण डबा शाबूत. भंगारवाला ओळखीचा, म्हणाला, दोन दिवस घे, मग मी तोडणार. मी दोन दिवस घेतले.

वरचा रंग घासला. पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली लांबी, लांबीखाली राखाडी प्रायमर. नाकाडाकडच्या पत्र्याचा वाक सारखा, स्पॉट वेल्डिंगचे ठिपके मोजून मारल्यासारखे. म्हणजे तो प्रेसमधून निघालेला पत्रा. मागच्या डब्याचा पत्रा मात्र उलटा करून बघितला तर हातोडीच्या खुणाच खुणा. हे हाताचं काम. इथवर मला काही नवल वाटलं नाही, कारण असलं काम मी स्वतः केलंय.

नवल पुढंच. पत्र्याच्या आत लाकडी चौकट निघाली. सागाची नव्हे, बाभळीची. बाभूळ कोण वापरतं? ती जड, चिवट, रंध्याला वैताग आणणारी. बाभूळ वापरतो बैलगाडीचा सुतार, चाकाच्या तुंब्याला आणि आऱ्यांना. सांधे बघितले तर लाकूड लाकडात अडकवलेलं, आडवी लाकडी खुंटी मारलेली, खिळा नाही. गाडीसुताराचा हात. कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या, त्या तापवून वाकवलेल्या, भोकं ड्रिलनं नाही तर सुंभ्यानं पाडलेली. लोहाराचा हात. ज्या लोहारानं आयुष्यभर चाकांवर धाव चढवली, त्याच पद्धतीचा.

आणि टप. वरचं छप्पर रेक्झिनचं, फाटलेलं, पण कमानीवरची शिलाई शाबूत. मी ती शिलाई ब्लेडनं एका ठिकाणी कापली. मशिनची असती तर धागा ओढला की उसवत गेली असती. ही उसवली नाही. दोन सुया समोरासमोरून एकाच भोकातनं ओवून घातलेला टाका, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. हा टाका चपलेचा आहे, मोटेचा आहे, खोगिराचा आहे. रेक्झिन कारखान्याचं, पण टाका आरीचा. चांभाराचा नाहीतर जीनगराचा, कुणाचा ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण कुशनवाल्याच्या मशिनवर बसून शिकलेल्या माणसाचा तो नव्हे.

म्हणजे एका भंगार डुकरात हॅम्बुर्गचं नाकाड आणि त्याच्या मागं आख्खं बलुतं बसलेलं. सुतार, लोहार, चांभार.

दोस्तांनो, आता रिक्षाकडे या, कारण तिच्या बॉडीवरनं नेहमी वाद होतो. रिक्षाचा जन्म इटलीतल्या पाँतेदेरा गावच्या पियाज्जो कारखान्यातला. हा विमानांचा कारखाना, लढाईत बॉम्बनं उद्ध्वस्त झाला. मग विमानवाल्यांनी १९४६ला स्कूटर काढली, व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिचा आराखडा केला कोरादिनो दास्कानियो या हेलिकॉप्टरवर काम केलेल्या इंजिनियरनं. १९४८ला तिच्याच मागं दोन चाकांचा हौदा लावून मालगाडी काढली, तिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. नवलमल फिरोदियांनी तिचं चित्र एका मासिकात बघितलं, गाडी मागवली, आणि तिच्यावर माणसं बसवायचा घाट घातला. माणसानं माणसाला ओढायचं बंद व्हावं, हा त्यामागचा हेतू ते सांगत. मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना पटवलं, आणि रिक्षा ज्या शहरांत पहिल्यांदा धावली त्यात पुणं होतं. पुढं १९६०ला बजाज ऑटोचा पियाज्जोशी करार झाला आणि आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. इंजिन आधी ड्रायव्हरच्या बुडाखाली होतं, ते १९७७च्या मॉडेलात मागं गेलं.

आता वाद असा, की माणसं बसायचा डबा इटालियन का पुणेरी? पुणेरी लोक अर्थातच पुणेरी म्हणतात. पण इटलीतही आपेची सवारीची गाडी निघाली होती, तिचं नाव कालेस्सिनो. आणि कालेस्से म्हणजे काय? घोड्याची टपाची हलकी गाडी! म्हणजे तिकडच्या कारागिरापुढंही घोडागाडीच होती. माझं म्हणणं, दोन्ही बाजू एकाच बापाची लेकरं घेऊन भांडतायत. आणखी एक. आपल्याकडे सगळे म्हणतात रिक्षा टांग्यापासून आली. नीट बघा. टांग्यात मागची सवारी तोंड मागं करून बसते, पाठीला पाठ लावून. रिक्षात सगळ्यांची तोंडं पुढं, गाडीवान पुढं वेगळा, आणि मागच्या सीटवर कमानीचा टप. ही बैठक टांग्याची नाही, व्हिक्टोरियाची. मुंबईची ती व्हिक्टोरिया, जिला २०१५ला हायकोर्टानं बेकायदा ठरवलं. डुकरात मात्र समोरासमोर बाकडी. बॉडी बघून वंश काढायचा असतो तो असा, तोंड कुणीकडं केलंय ते बघून.

पण मला ह्या टपाखाली कोण बसलं ते विचारायचंय.

जुन्या बग्गीचा, टांग्याचा चांगला टप चामड्याचा. लगाम, खोगीर, पट्टे सगळं चामड्याचं. ते चामडं कुठनं आलं? गावात ढोर मेलं की ते ओढायचं महारानं. कातडं सोलायचं. मग ते जायचं ढोराकडे (मी ढोर जातीविषयी बोलतोय), चुन्याच्या खड्ड्यात, मग बाभळीची साल आणि हिरडा घालून कमवायचं. मग चांभार नाहीतर जीनगर ते कापणार, शिवणार. म्हणजे टपाचा पहिला हात महाराचा. आणि तोच टप चढवलेली गाडी स्टेशनाबाहेर उभी राहिली की तिच्यात बसायला महाराला बंदी!

१९२९ साली चाळीसगावला हेच झालं. बाबासाहेब तेव्हा अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या कमिटीचे मेंबर. धुळ्याहून आले, चाळीसगावच्या आपल्या लोकांनी रात्रभर राहायचा आग्रह केला. स्टेशनावर तासभर बसवून ठेवलं, मग टांगा आला. टांगा पहिल्यांदा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला, आणि नदीवरच्या फरशीवर त्याचं चाक कडेच्या दगडावर आदळून घोड्यासकट खाली गेला. बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. नंतर कळलं ते असं की चाळीसगावचा एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता, ते त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. मग तडजोड झाली. टांगा भाड्यानं द्यायचा, हाकायचा मात्र महारवाड्यातल्यानं. ज्यानं कधी लगाम धरला नव्हता असा आपलाच एक भाऊ गाडीवर बसला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती १९९०ला ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ म्हणून छापली. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षा लगाम धरणारा मोठा, हे त्यात त्यांनी नोंदवलंय.

आपण ही गोष्ट सभेत नेहमी सांगतो. पण कधी टांग्याकडे बघून सांगत नाही. टांगेवाल्यानं टांगा दिला, लाकूड दिलं, चामडं दिलं, घोडा दिला. बाटत होतं ते गाडीवानाचं अंग. गाडी धुतली की झालं.

आता इथं मी एक खबरदारी सांगतो, कारण आपल्यात एक सवय वाढलीय. काही सापडलं की हे आपल्याच लोकांनी केलं असं ठोकून द्यायचं. त्या डुकराचा डबा महारानं केला असं मी म्हणत नाही. नाहीच केला. लाकडाला जात होती, ऐरणीला जात होती, आरीला जात होती. बाप सुतार असेल तर पोरगा सुतारकीच्या शेडमध्ये. महाराच्या हातात व्यवस्थेनं हत्यार दिलंच नाही, दिली ती काठी आणि दोरी. गिरण्यांत काय झालं? विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडानं ओढायचा म्हणून अस्पृश्यांना तिथं शिरकाव नव्हता, चांगला पगार तिथंच होता. बाबासाहेबांनी १९२८च्या संपात हा प्रश्न उभा केला. यंत्र विलायती आलं तरी विटाळ देशी राहिला.

मग आम्ही बॉडीच्या कामात आलो कुठनं? माझ्या बघण्यात तरी, पत्र्यातनं. प्रेसचा पोलादी पत्रा ही नवी चीज. तांब्याला तांबट होता, पितळेला कासार होता, पत्र्याला बलुतेदार नव्हता. त्याची विद्या कुणाच्या घरात पिढीजात नव्हती, ती आयटीआयच्या वर्गात होती आणि वर्गात राखीव जागा होती. व्हेस्पाचा सांगाडाच पत्र्याचा, लाकडाचा तुकडा नाही, चामड्याचा नाही. त्या इटालियन इंजिनियरच्या ध्यानीमनी नसेल, पण त्यानं गाडीतनं लाकूड काढलं तेव्हा आमच्यासाठी एक दार किलकिलं झालं. मी शिकलो त्या शेडमध्ये सहा डेंटर होतो, त्यात तिघं आपल्या वस्तीतले, एक मुसलमान, एक मातंग आणि एक यूपीचा विश्वकर्मा. लाकडी बॉडीचा मिस्त्री शेजारच्या शेडात, त्याच्याकडे घरचीच पोरं. पाणी प्यायचा माठ मात्र त्याच्या शेडात वेगळा होता, ते १९८६ साल. कारण विचारलं तर म्हणायचा, माठ फुटतात रे तुमच्याकडनं.

दार किलकिलं झालं म्हणजे सगळं मिळालं असं समजू नका. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात गाड्या निघायच्या २००७ला थांबल्या. रिक्षा त्याआधीच वाळूजकडे गेल्या होत्या, मोटरसायकली चाकणला. २०२२ला तिथं विजेच्या चेतकचा नवा कारखाना निघाला. हाताचा डेंटर लागायचा ते दिवस सरलेत, वाकलेला भाग आता ठोकत नाहीत, बदलतात. आमची विद्या एका पिढीची. बाप सुतार होता असं सांगणारे हजार वर्षं सांगतील; बाप डेंटर होता असं सांगणारी आमची पोरं शेवटची. म्हणूनच लिहून ठेवायची घाई.

आणि माणसानं माणसाला ओढायचं? ते पुण्यात थांबलं, माथेरानला नाही. तिथं मोटारींना बंदी, म्हणून हातरिक्षा राहिली. पुढं एक ओढणार, मागनं ढकलणारे. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं ती सहा महिन्यांत बंद करायचा हुकूम दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या चळवळीच्या घरातले, त्या खंडपीठावर होते. ई-रिक्षा खऱ्या ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असंही कोर्टानं सांगितलंय. देतात का, ते माथेरानच्या कार्यकर्त्यांनी डोळ्यात तेल घालून बघायचंय.

पण त्यांना माझं दुसरंही एक काम आहे. त्या हातरिक्षा आता भंगारात निघणार. तोडायच्या आधी टप उचकटून बघा. लाकूड कुठलं, सांधा कसला, शिलाई एका धाग्याची का दोन, कुठं खडूचा नंबर, कुठं नाव कोरलंय का. फोटो काढा, वहीत लिहा, ओढणाऱ्याला विचारा की गाडी कुणाकडनं करून आणली होती. तसंच पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या घरात कुणी डेंटर, कुशनवाला, बॉडी मिस्त्री होतं त्यांनी नाव, गाव, शेड कुठं होती ते अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं कळवावं. माझ्याकडे आतापर्यंत एकवीस नावं जमलीत. डुकराचा बाभळीचा एक सांधा मी कापून आणलाय, तो आमच्या विहारातल्या वाचनालयात पुस्तकांच्या कपाटावर ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर रविवारी सकाळी या.